फडापासून गोदामापर्यंत : वाटेत सांडते त्याचा हिशेब

गट सभेत ऊस नोंदीचा विषय संपून पर्यावरणाचा विषय निघाला की सभासद मंडळी पिशव्या आवरू लागतात, हा आमचा नेहमीचा अनुभव आहे. अशाच एका सभेत एक वयस्कर कास्तकार उठून म्हणाले, "साहेब, धूर-बिर, प्रदूषण हे मुंबई-पुण्याचं. आमच्या वावरात कायचं प्रदूषण? आमाले टनामागं किती कापता ते सांगा." सभेत हशा पिकला. पण काकांनी नकळत दोन्ही विषय एकाच दावणीला आणून बांधले होते. वाहतुकीत जे डिझेल विनाकारण जळते आणि गोदामात जो माल विनाकारण खराब होतो, त्याचाच आकडा पुढे कपात म्हणून सभासदाच्या बिलात उतरतो.

सध्या कागदोपत्री 'शाश्वत वाहतूक व साठवण' असा शब्द आहे. शब्द जड असला तरी अर्थ साधा आहे. माल हलविताना आणि ठेवताना इंधन, रस्ता, बारदाना व खुद्द माल यांची नासाडी इतकी कमी असावी की हीच व्यवस्था आपल्या नातवंडांनाही परवडावी. या लेखात त्याचा हिशेब मांडण्याचा प्रयत्न केला आहे.

प्रथम उसाचे पाहू. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्र शासनाने १०.२५ टक्के उताऱ्यास क्विंटलला ३५५ रुपये, म्हणजे टनाला ३,५५० रुपये रास्त व किफायतशीर दर ठरविला. हा दर कारखान्याच्या काट्यापर्यंत पोहोचविलेल्या उसाचा असतो. म्हणून तोडणी व वाहतुकीचा खर्च त्यातून वजा होतो. राज्यातील पुष्कळ कारखान्यांत हा खर्च एकत्र करून त्याची टनामागे सरासरी काढतात व ती सर्वांना सारखी लागते. याचा अर्थ असा की काट्याच्या शेजारी ज्याचे वावर आहे तोही साठ किलोमीटरवरून येणाऱ्या उसाच्या डिझेलचा वाटेकरी असतो. दूरच्या सभासदाचा यात काही दोष नाही. त्यानेही भागभांडवल भरलेले आहे. परंतु लांबच्या वाहतुकीत बचत झाली तर ती सगळ्यांच्या पदरात पडते, एवढे ध्यानात ठेवावे.

आता आकडे घेऊ. ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या जोडून एका खेपेत १८ टन ऊस आला असे समजा. ट्रॅक्टर लिटरला ३ किलोमीटर चालतो असे धरू. फड साठ किलोमीटरवर असेल तर भरून येणे व रिकामे जाणे मिळून १२० किलोमीटर, म्हणजे ४० लिटर डिझेल लागले. फड पंचवीस किलोमीटरवर असेल तर सुमारे १७ लिटर पुरले. फरक २३ लिटरचा. डिझेल ९० रुपये लिटर धरले तर एका खेपेमागे २,०७० रुपये आणि टनामागे ११५ रुपये होतात. एक लिटर डिझेल जळाले की सुमारे २.६८ किलो कर्बवायू हवेत जातो. त्या हिशेबाने त्याच एका खेपेत ६० किलोच्या वर वायू जास्तीचा गेला. आपण त्याला प्रदूषण म्हणा की कपात म्हणा, जळाले ते डिझेल एकच.

अंतर कोणाच्या हातात असते, असा प्रश्न येईल, आणि तो रास्त आहे. वाशिम जिल्हा हा मुळात सोयाबीन-तुरीचा. ऊस आहे तो पैनगंगेच्या काठाने, बॅरेजच्या पाण्यावर किंवा विहिरीच्या भरवशावर, आणि तोही तुकड्यातुकड्यांनी. या शिवारात तीन एकर, पुढचे दोन एकर चार कोसांवर. टोळीने कोपी उचलायची, ट्रॅक्टर हलवायचा, अर्धी ट्रॉली इथे आणि अर्धी तिथे भरायची. वावर हलविता येत नाही हे खरे. पण एका शिवारातल्या पाच-सात जणांनी एकाच पंधरवड्यात आणि एकाच जातीची लागण केली, तर तोडही एका सलग पट्ट्यात बसते. टोळीचा दिवस वाचतो, ट्रॉली जागेवर पूर्ण भरते. शेतकी खात्याचे कर्मचारी हे दरवर्षी सांगतात. मात्र आपल्याकडे भावाभावांत धुऱ्यावरून बोलणे बंद असते, तेव्हा एका दिवशी लागण करा हे कोण कोणाला सांगणार? असो.

दुसरी गोष्ट पांदण रस्त्याची. आपली जमीन काळी, कसदार, आणि ओली झाली की चाकाला सोडत नाही. अवकाळी पावसाची एक सर आली की भरलेली ट्रॉली वावरातच रुतते. मग दुसरा ट्रॅक्टर आणा, ओढा, नाही निघाली तर अर्धा ऊस उतरवा. कधी कधी बांधापासून डांबरी रस्त्यापर्यंतच्या अर्ध्या किलोमीटरला पुढच्या पंधरा किलोमीटरइतके तेल लागते. यासाठी मातोश्री ग्रामसमृद्धी शेत व पाणंद रस्ते योजना शासनाने २०२१ मध्ये आणली आहे. त्यासाठी शेजाऱ्यांची संमती लागते, अतिक्रमण काढावे लागते, आणि बहुतेक प्रस्ताव तिथेच अडतात.

तिसरी गोष्ट म्हणजे मोळीतला कचरा. वाढे, पाचट, मुळ्या आणि माती मिळून वजनाच्या पाच टक्के आले, तर वीस खेपांतली एक पूर्ण खेप आपण कचऱ्याचीच करतो. त्या खेपेचे डिझेल जळते, भाडे द्यावे लागते, गव्हाणीत तो कचरा रस शोषून घेतो आणि उतारा खाली आणतो. तेच पाचट वावरात सरीमध्ये पडले असते तर खोडव्याला खत झाले असते, ओलही धरली असती.

आणि चौथी गोष्ट थांबण्याची. ऊस तोडला तरी त्यातली हालचाल थांबत नाही. पाणी उडून वजन घटते, उसातलीच विकरे साखरेचे विघटन करू लागतात, कापलेल्या टोकातून जंतू शिरतात. थंडीत हे हळू चालते, फेब्रुवारी-मार्चच्या उन्हात झपाट्याने. जळालेल्या उसाचे तर विचारूच नका. म्हणून तोडीपासून २४ तासांच्या आत ऊस गाळला जावा असे सांगतात. यार्डात ट्रॅक्टरची रांग रात्रभर उभी राहिली की दोन्हीकडून तोटा होतो : वाहनाची दुसरी खेप बुडते आणि उतारा घसरतो. हंगामाचा उतारा ०.१ टक्क्याने बदलला की वरील दरात क्विंटलला ३ रुपये ४६ पैसे, म्हणजे टनाला ३४ रुपये ६० पैसे फरक पडतो. तीन लाख टन गाळपावर हा आकडा १ कोटी ३ लाख ८० हजार होतो. तेव्हा चिठ्ठी नसताना ओळखीने ऊस तोडून आणणारा सभासद रांगेत आपला नंबर पुढे लावतो, पण रांगेतल्या सगळ्यांचा ऊस वाळवतो. हे स्पष्ट लिहिणे भाग आहे.

आता साखरेच्या गोदामाकडे वळू. पुष्कळ सभासदांची अशी समजूत असते की साखर पोत्यात पडली की झाले पैसे. तसे नाही. जून २०१८ पासून केंद्र शासन प्रत्येक कारखान्याला महिन्याचा विक्री कोटा ठरवून देते. डिसेंबरात तयार झालेली साखर पुढच्या पावसाळ्यात विकली जाणे यात नवल नाही. मधल्या काळात ती बँकेकडे तारण असते, गोदामाला कारखान्याचे आणि बँकेचे अशी दोन कुलुपे असतात, आणि आपले उसाचे बिल याच उचलीतून निघते. समजा, क्विंटलमागे २,६०० रुपये उचल घेतली आणि व्याज ११ टक्के आहे, तर एक क्विंटल साखर महिनाभर नुसती पडून राहण्याचे सुमारे २४ रुपये होतात. हे व्याज टळत नाही. पण त्याच मुदतीत साखर भिजली किंवा तिचे खडे झाले, तर ती ठरल्या भावाने जात नाही. बहुधा ती परत विरघळवून पुन्हा प्रक्रियेत घ्यावी लागते. म्हणजे एकाच साखरेसाठी दोनदा वाफ, दोनदा मजुरी आणि दोनदा बारदाना.

साखरेचे दोन वैरी, उष्णता आणि दमट हवा. गरम साखर पोत्यात भरली तर थप्पीच्या पोटात ती उष्णता महिनोन्‌महिने कोंडून राहते, रंग पिवळसर होतो, खडे धरतात. म्हणून साखर ४० अंशांच्या खाली थंड करूनच भरावी लागते. पावसाळ्यात हवेतली आर्द्रता सत्तर टक्क्यांच्या वर गेली की साखर पाणी ओढू लागते. तेव्हा दारे उघडी ठेवून "हवा खेळू द्या" म्हणणे चुकीचे आहे. कोरड्या दिवशी दारे उघडावीत, दमट दिवशी घट्ट लावावीत. फरशीवर ओल न येणारा थर हवा, थप्पी भिंतीपासून हातभर दूर हवी आणि आधी आलेला माल आधी बाहेर गेला पाहिजे. पत्र्यात चार पारदर्शक पत्रे बसविले तर दिवसा दिवे लावावे लागत नाहीत. गोदामाचे विस्तीर्ण छप्पर तर सौर पॅनेलसाठी आयतीच जागा. आपल्याकडच्या उन्हात एक किलोवॉटचे पॅनेल दिवसाला सरासरी चार युनिट वीज देते. मात्र जुन्या छपराला ते वजन पेलेल का, हे अभियंत्याकडून आधी तपासून घ्यावे लागते.

बारदान्याविषयी थोडे. १९८७ च्या ताग पॅकिंग कायद्याखाली साखरेचा वीस टक्के भाग तागाच्या पोत्यांत भरण्याचे बंधन आहे. बाकीचा माल प्लॅस्टिकच्या विणलेल्या पोत्यांत जातो. तागाचे पोते महाग पडते हे खरे, पण ते घराघरांत दहा वर्षे वापरात राहते आणि शेवटी मातीत मिळते. प्लॅस्टिकचे पोते उन्हात विरते आणि त्याच्या चिंध्या धुऱ्यावर उडत राहतात, हे आपण सगळे पाहतोच.

आपण नुसते ऊस उत्पादक नाही. प्रत्येकाच्या घरी सोयाबीन आहे, तूर आहे, हरभरा आहे. ऑक्टोबरमध्ये सोंगणी झाली की सगळा जिल्हा एकाच आठवड्यात मार्केटकडे निघतो. वाशिम, रिसोड, कारंजा, कुठेही जा, यार्डाबाहेर वाहनांच्या रांगा. माल ओला असतो, भाव पडतो, आणि पाच पोत्यांसाठी एक आख्खे वाहन पन्नास किलोमीटर फिरते. सोयाबीनची ओल हमीभाव खरेदीत १२ टक्क्यांपर्यंत धरतात. २०२४ च्या हंगामात ती मर्यादा १५ टक्क्यांपर्यंत वाढविली होती, परंतु त्या सवलतीच्या आशेवर ओला माल साठवू नये. तो पोत्यातच तापतो आणि बुरशी धरतो. बियाण्याला ठेवलेले सोयाबीन तर आपटूही नये, त्याचे साल नाजूक असते आणि उगवण मरते.

आपले आजोबा-पणजोबा ज्वारी पेवात ठेवीत. मुरमाच्या उंच जागी खड्डा, आतून कडबा नि कुटाराचे अस्तर, वरून मातीने बंद. आत हवा नाही म्हणून किडा जगत नसे, औषध लागत नसे. पेव उघडले की लगेच कोणी उतरत नसे. कंदील सोडून पाहत, विझला तर वाट बघत. आज बाजारात हवाबंद पिशव्या मिळतात त्यांचे तत्त्व हेच आहे. काळ्या जमिनीत आज कोणी पेव खणावे असे आम्ही म्हणत नाही. पण वाळवून, हवाबंद करून गावातच ठेवलेला माल चार महिन्यांनी एकत्र भरून नेता येतो, हे जुने शहाणपण आहे.

अडचण पैशाची असते, ती खोटी नाही. दिवाळी तोंडावर, दुकानदाराची उधारी, रब्बीचे बियाणे. त्यासाठी राज्य कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण योजना १९९०-९१ पासून आहे. बाजार समितीच्या गोदामात माल ठेवला की किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज, १८० दिवसांसाठी, ६ टक्के व्याजाने मिळते. राज्य वखार महामंडळ तर १९५७ पासूनचे. तिथल्या पावतीवरही बँक कर्ज देते. आपल्या बाजार समितीत तारण योजना चालू आहे का, हे सोंगणीच्या आधीच विचारून घ्यावे. पोती दारात आणून उभी केल्यावर विचारणारे फार.

माल जिल्ह्याबाहेर नेण्याचे पाहिले तर आपल्याकडे तीन वाटा होत्या, त्यातली एक बुजली. कारंज्याचा कापूस एकेकाळी मूर्तिजापूर-यवतमाळ या अरुंद रुळांच्या गाडीने जात असे. किलिक निक्सन कंपनीची ती शकुंतला १९९४ पर्यंत कोळशाच्या इंजिनावर धावली. ती आता बंद आहे. दुसरी वाट अकोला-पूर्णा मार्गाची. त्यावरचे वाशिम स्थानक २००८ मध्ये मोठ्या रुळांवर आले. रेल्वेची एक पूर्ण मालगाडी सुमारे अडीच हजार टन माल नेते. सोळा टनी ट्रकांनी तेवढा माल न्यायचा तर दीडशेच्या वर ट्रक लागतील, आणि टनामागे इंधन कितीतरी जास्त. पण मालगाडी भरण्याइतका माल एकाच वेळी एका ठिकाणी गोळा झाला पाहिजे. म्हणजे पुन्हा गोदामच हवे. तिसरी वाट समृद्धी महामार्ग. कारंजा, मंगरूळपीर, मालेगाव तालुक्यांतून तो जातो, आणि ५ जून २०२५ पासून मुंबईच्या बाजूपर्यंत पूर्ण खुला झाला. त्यावर ट्रॅक्टरला बंदी आहे, तेव्हा उसाच्या वाहतुकीला त्याचा उपयोग नाही. साखरेच्या आणि सोयाबीनच्या ट्रकांना आहे, टोल भरण्याची तयारी असेल तर.

गळीत सुरू होण्यापूर्वी ज्या सभासदांच्या फडाकडे जाणारा पांदण रस्ता अडलेला आहे, त्यांनी गट नंबर, रस्त्याची लांबी आणि शेजारील खातेदारांची नावे लिहून आपल्या गट कार्यालयात द्यावीत. एकाच शिवारातले अर्ज एकत्र आले तर तहसील कार्यालयाकडे एकच प्रस्ताव पाठविणे सोपे जाते. ट्रॅक्टर मालकांनी ट्रॉल्यांच्या मागे लाल रिफ्लेक्टर लावून घ्यावेत. रात्री मोटरसायकलवाल्याला उभी ट्रॉली दिसत नाही.