हिरवळीतील शेवाळी

पावसाळ्यात शाळेच्या आवारातील किंवा सार्वजनिक उद्यानातील हिरवळीकडे पाहिले, तर झाडांच्या सावलीत गवताऐवजी मखमलीसारखा मऊ हिरवा थर पसरलेला पुष्कळदा आढळतो. उटी, दार्जिलिंग किंवा महाबळेश्वर यांसारख्या थंड व दमट ठिकाणी हे दृश्य नेहमीचेच आहे. हा थर म्हणजे शेवाळी होय. ‘शेवाळीने गवत मारले’ असा समज होऊन ती खरवडून काढली जाते. परंतु पुढच्या पावसाळ्यात ती पुन्हा हजर होते. वस्तुतः गवत आधी दुर्बल होते, आणि त्याने सोडलेली जागा शेवाळी व्यापते. हा क्रम ध्यानात न घेतल्यामुळेच दरवर्षीचे श्रम वाया जातात.

डबक्यातील बुळबुळीत शेवाळ निराळे. त्याची गणना शैवलांत होते. शेवाळीस बारीक खोड व इवलीशी पाने असतात, पण खरी मुळे नसतात. केसांसारख्या सूक्ष्म धाग्यांनी ती जमिनीस चिकटून राहते आणि पाणी मुख्यतः पानांच्या पृष्ठभागातूनच शोषून घेते. तिला फुले किंवा बिया येत नाहीत. तिचा प्रसार वाऱ्याबरोबर उडणाऱ्या सूक्ष्म बीजुकांनी होतो. वाळलेल्या शेवाळीचा एक झुबका पाण्यात टाकून विद्यार्थ्यांनी भिंगातून पाहावा. मिटलेली पाने थोड्याच वेळात उलगडू लागतात. उन्हाळ्यात नाहीशी झालेली शेवाळी पहिल्या पावसानंतर हिरवी कशी होते, याचा उलगडा या प्रयोगाने होतो.

गवताच्या दुर्बलतेची कारणे अनेक आहेत. हरळीस भरपूर ऊन लागते. दाट सावलीत ती विरळ होते. सतत पायाखाली तुडवलेली माती घट्ट बनते, तिच्यात पाणी मुरत नाही व मुळांना हवा मिळत नाही. गवत अगदी बुडापाशी कापल्यास अन्न तयार करणारी पानेच नाहीशी होतात. निकस किंवा फार आम्ल जमीनही गवतास मानवत नाही.

तात्पुरता उपाय म्हणून हिराकस, म्हणजेच लोहाचे सल्फेट, फार वर्षांपासून वापरात आहे. बारीक वाळू 20 भाग, अमोनियम सल्फेट 3 भाग व भाजलेला हिराकस 1 भाग हे जुने प्रचलित मिश्रण होय. दर चौरस मीटरला सुमारे 130 ग्रॅम या प्रमाणात ते ओलसर हिरवळीवर सारखे पसरतात व दोन दिवसांत पाऊस न आल्यास पाणी देतात. शेवाळी काळी पडून मेल्यावरच ती दंताळ्याने ओढून काढावी. जिवंत असताना ओढल्यास तिचे तुकडे इतरत्र पडून तेथे रुजतात. हिराकसाचे फरशीवर व कपड्यांवर तांबडे डाग पडतात, म्हणून काळजी घ्यावी. शिवाय अमोनियम सल्फेटच्या वारंवार वापराने जमीन अधिक आम्ल होते, हेही विसरता कामा नये.

कायमचा उपाय गवताला बळ देण्यातच आहे. झाडांच्या खालच्या फांद्या छाटून ऊन आत येऊ द्यावे. साचणाऱ्या पाण्यास वाट करून द्यावी. लोखंडी काट्याने सुमारे 10 सेंटिमीटर खोल भोके पाडून त्यांत जाड वाळू भरावी. एका कापणीत पात्याच्या उंचीच्या एक-तृतीयांशाहून अधिक भाग काढू नये. चुना मात्र मातीची तपासणी करून, ती फार आम्ल असल्याचे आढळले तरच घालावा. शेवाळी काढल्यामुळे मोकळ्या झालेल्या जागी लगेच नवे गवत लावावे. सावलीत हरळीऐवजी रुंद पानांचे कार्पेट ग्रास अधिक तग धरते.

इतके करूनही एखादा कोपरा कायम ओला व काळोखा राहिला, तर तेथे शेवाळीच राहू देणे शहाणपणाचे ठरते. जपानमधील क्योतो येथील साइहोजी मंदिराची बाग शेवाळीच्या गालिच्यासाठीच जगप्रसिद्ध आहे. जागेचा स्वभाव ओळखून वनस्पतीची निवड करणे, हेच उद्यानविद्येचे पहिले सूत्र होय.