माशी कोणती? कुठल्या घडीची?

(लेखांक ५)

मागच्या लेखांकात आपण दोरी फेकायला शिकलो. मासे पकडायला गळावर बांधलेल्या पिसांच्या माशीला वजन जवळपास नसतंच. जाड दोरी फेकायची आणि माशी तिच्यामागून जाते. आज प्रश्न असा, की दोरीच्या टोकाला माशी कुठली बांधायची?

इंग्लंडमध्ये हॅम्पशायरची टेस्ट नदी घ्या. खडूच्या टेकड्यांत मुरलेलं पाणी झऱ्यांवाटे तिच्यात येतं. त्यामुळे पाणी बारमाही, गार आणि तळ दिसेल इतकं नितळ. साधारण मेच्या मध्यापासून जूनच्या सुरुवातीपर्यंत इथे मेफ्लाय माश्या निघतात. एरवी चोखंदळ असणारा ब्राउन ट्राउट मासा या दिवसांत हावरा होतो. नवशिक्याच्याही गळाला लागतो, म्हणून या काळाला तिकडे 'अनाड्यांचा पंधरवडा' म्हणतात. आपल्याकडे पहिल्या पावसानंतर वाळवीची पाखरं दिव्याभोवती जमतात आणि पालींची चंगळ होते, तसंच हे.

तरीही फजिती होते. पाण्यावर माश्याच माश्या, मासेही वर येताहेत आणि आपल्या माशीला मात्र कुणी विचारत नाही! याचं कारण मेफ्लायच्या आयुष्यात आहे.

तिचं पिल्लू नदीच्या गाळात बीळ करून साधारण दोन वर्षं काढतं. मग पोहत वर येतं, पाठ उकलते आणि मळकट पंखांची माशी पाण्यावर बसून उडायची तयारी करते. काठच्या झाडावर ती पुन्हा एकदा कात टाकते. पंख फुटल्यावरही कात टाकणारा हा कीटकांतला एकमेव गण. आता पंख लखलखीत, पण तोंड निकामी. खायचं नाही, फक्त मीलन. अंडी घालून झाली की मादी पंख पसरून पाण्यावर पडते.

यातलं जे रूप त्या घडीला सहज मिळतंय, त्याच्यावरच मासा डोळा ठेवतो. पाणी नुसतं फुगलं, वर बुडबुडा नाही, तर तो पाण्याखालीच पिल्लं टिपतोय. खळ्ळकन पाणी उडालं, तर उडू पाहणारी माशी गेली. संध्याकाळी चहाचा घोट घ्यावा तसं अलगद वलय उठलं, तर मेलेल्या माद्यांचं जेवण चाललंय. तेव्हा उभ्या पंखांची माशी सोडा आणि पिसं दोन्ही बाजूंना आडवी बसवलेली बांधा.

फ्रेडरिक हॅलफर्ड या मासेमाराने १८८६ मध्ये तरंगत्या माश्यांवर ग्रंथ लिहिला आणि तीच रीत प्रतिष्ठेची ठरली. १९१० मध्ये स्क्यूज या दुसऱ्या मासेमाराने पाण्याखालच्या माशीची बाजू मांडली. तरंगणारी की बुडणारी, हा वाद पुढे बरीच वर्षं रंगला. माशांनी मात्र दोन्ही पंगतींना हजेरी लावली.

म्हणून काठावर गेल्यावर पहिली पंधरा मिनिटं दोरी गुंडाळलेलीच राहू द्या. नुसतं पाणी बघा.

योग्य माशी बांधूनही मासा फिरकला नाही, तर दोष बहुधा दोरीचा. प्रवाहाने दोरी ताणली की माशी पाण्यावर रेघ ओढत जाते; मेलेली माशी रेघ ओढत नाही, हे माशाला ठाऊक असतं. ही ओढ कशी टाळायची, ते पुढच्या आठवड्यात.