तेलावरील ट्रॅक्टर घरच्या घरीं विजेवर आणणें

यंत्राचें इंजिन गेलें म्हणजे यंत्रच गेलें, असें समजून पुष्कळ शेतकरी चांगला सांगाडा भंगारवाल्याच्या हवालीं करितात. चाकें, गियरपेटी, मागचा आंस व अवजारें जोडण्याची चौकट हीं सर्व धडधाकट असतां केवळ इंजिनाच्या दोषामुळें सबंध यंत्र मोडींत घालणें म्हणजे एक बैल मेला म्हणून गाडी मोडण्यासारखें आहे. पेट्रोलचें इंजिन काढून त्याच्या जागीं विजेची मोटर बसविण्याचें काम अमेरिकेंतील कांहीं लहान शेतकऱ्यांनीं आपल्याच शेतावर पार पाडलें आहे. त्याची हकीकत वाचकांस उपयोगी पडेल व त्यांतील धोक्यांची जाणीवही वेळींच होईल, म्हणून ती येथें देत आहों.

यासाठीं जें यंत्र विशेष सोयीचें ठरलें तें म्हणजे ॲलिस-चामर्स कंपनीचा ‘मॉडेल जी’ ट्रॅक्टर. १९४८ ते १९५५ या काळांत अलाबामा राज्यांतील गॅड्सडेन येथें असे सुमारें ३० हजार ट्रॅक्टर तयार झाले. त्याचें इंजिन लहान, सुमारें १० अश्वशक्तीचें असून तें हांकणाऱ्याच्या पाठीमागें बसविलेलें असतें. कोळपें मात्र पुढें, नजरेसमोर असतें. त्यामुळें भाजीपाल्याच्या ओळींतील तण रोपांस धक्का न लावतां काढतां येतें. न्यू यॉर्क राज्यांतील एका भाजीपाल्याच्या शेतावर, २००० नंतरच्या दशकांत, प्रयोगासाठीं मिळालेल्या अनुदानांतून हा ट्रॅक्टर विजेवर आणला गेला व त्याची कृति सर्वांस खुली करण्यांत आली. मौजेची गोष्ट ही कीं, याच कंपनीनें १९५९ सालीं १,००८ इंधनघटांवर चालणारा विजेचा ट्रॅक्टर करून दाखविला होता. तो आज स्मिथ्सोनियन संग्रहालयांत आहे. शेतांत मात्र साधी बॅटरीच उतरली.

कृतीचें सार असें. प्रथम इंजिन, तेलाची टांकी व धुराची नळी काढावी. गियरपेटी जशीच्या तशी ठेवावी. नंतर जाड लोखंडी पट्टीस अचूक भोंकें पाडून तिच्यावर मोटर बसवावी व तिचा दांडा गियरपेटीच्या दांड्याशीं जोडावा. दोन्ही दांडे अगदीं एका रेषेंत आले पाहिजेत. केसभर फरक राहिला तरी बेअरिंगें लौकर झिजतात. हें काम अजमासानें न करितां चांगल्या लेथवाल्याकडूनच करून घ्यावें. त्यापुढें १२ व्होल्टच्या चार बॅटऱ्या ओळीनें जोडून ४८ व्होल्ट मिळवावे. बॅटरी व मोटर यांच्यामध्यें फ्यूज, मुख्य खटका आणि प्रवाह कमीअधिक करणारा कंट्रोलर असावा. मोटर थांबलेल्या स्थितींतही पूर्ण पीळ देते; म्हणून ओळीच्या टोंकाशीं यंत्र थांबवून पुन्हां चालूं करणें फार सुलभ होतें.

आतां हिशेब पाहूं. १०० अँपिअर-तासांच्या चार बॅटऱ्यांत ४८ व्होल्टवर ४.८ युनिट वीज सांठते. शिसें-आम्लाच्या बॅटऱ्या अर्ध्याहून अधिक रिकाम्या केल्यास त्यांचें आयुष्य झपाट्यानें घटतें. तेव्हां हातीं २.४ युनिट धरावीं. कोळपणीस सरासरी १.२ किलोवॅट लागल्यास दोन तास काम होईल. उलट १० अश्वशक्ति पूर्णपणें घ्यावयाची म्हटली तर सुमारें ७.५ किलोवॅट, म्हणजे १५५ अँपिअर प्रवाह लागेल आणि बॅटरी वीस मिनिटेंही टिकणार नाहीं. सबब हें यंत्र पेरणी, कोळपणी व हलकें ओझें यांसाठींच योग्य. नांगरटीची अपेक्षा ठेवूं नये. लिथियम-लोह-फॉस्फेटचे १६ घट घेतल्यास वजन कमी होऊन वीजही अधिक मिळते, परंतु प्रत्येक घटावर देखरेख करणारी यंत्रणा त्यांस अवश्य पाहिजे.

धोक्यांविषयीं आम्ही निक्षून सांगतों. ४८ व्होल्टचा झटका सहसा सौम्य असला तरी बॅटरीच्या दोन टोंकांवर पाना आडवा पडल्यास तो क्षणांत लाल होतो. काम करितांना अंगठी, कडें व घड्याळ काढून ठेवावें. पान्याच्या मुठीस रबर गुंडाळावें. फ्यूज बॅटरीच्या अगदीं जवळ असावा. शिसें-आम्लाच्या बॅटरींतून भरतांना हायड्रोजन निघतो, म्हणून बंद खोलींत ती भरूं नये व जवळ विडीकाडी आणूं नये. सिरीज-वेष्टनाची मोटर भार न देतां पुऱ्या व्होल्टवर कधींही चालवूं नये. वेग बेसुमार वाढून ती फुटते.

हेंच काम मोटारगाडींत करावयाचें तर अडचणी वाढतात. बहुतेक पेट्रोल गाड्यांचा ब्रेक हलका करणारी निर्वात-शक्ति इंजिनांतूनच मिळते. इंजिन काढल्यावर निराळा पंप बसवावा लागतो. शिवाय वेगासाठीं पुष्कळदां शंभराहून अधिक व्होल्ट वापरावे लागतात. ते प्राणघातक होत. आपल्या देशांत नोंदलेल्या गाडींत असा फेरफार मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ च्या कक्षेंत येतो व त्यास मान्यताप्राप्त संचच लागतो. अशा संचांची तपासणी करणाऱ्या संस्थांपैकीं एक पुण्यांत आहे. आपल्याकडील बहुतेक डिझेल ट्रॅक्टरांत इंजिन हाच सांगाड्याचा भाग असतो. तें काढल्यास ट्रॅक्टरचे दोन तुकडे होतात. अर्थात् वरील कृतीचें आंधळें अनुकरण येथें चालणार नाहीं.

मग यांतून घ्यावयाचें काय? आमच्या मतें, यंत्रास हात लावण्यापूर्वीं आठवडाभर वही ठेवून कोणतें काम किती तास चालतें हें लिहावें. काम हलकें, थोड्या वेळाचें व घराजवळचें असेल, तरच विजेचा विचार करावा. नाहींतर कर्ज काढून बॅटऱ्या घेतलेला शेतकरी नांगरटीच्या दिवशीं पुन्हां भाड्याचा ट्रॅक्टर शोधीत फिरेल. हौसेला मोल नाहीं हें खरें, पण शेतीला आहे. ज्यास हिशेब जुळतो, त्यानें भंगारांत जाणारें एक चांगलें यंत्र अवश्य वांचवावें.