‘व्हॉट्सअप गोल्ड’मधली त्रुटी: पहारेकऱ्याकडूनच चावी गेली तर?

नाव सारखं वाटलं, तरी ‘व्हॉट्सअप गोल्ड’चा तुमच्या व्हॉट्सॲपशी काहीही संबंध नाही. हे प्रोग्रेस कंपनीचं सॉफ्टवेअर आहे. ऑफिसमधले सर्व्हर, राउटर चालू आहेत की बंद, यावर ते लक्ष ठेवतं.

नेमकं काय झालं?
२०२४ मध्ये त्यात सीव्हीई-२०२४-६६७० ही त्रुटी सापडली. लॉगिन न करताच डेटाबेसला फसवून युजरचा एन्क्रिप्टेड पासवर्ड काढता येत होता. या प्रकाराला ‘एसक्यूएल इंजेक्शन’ म्हणतात.

एवढं घाबरण्यासारखं काय?
नेटवर्कमध्ये कुठे काय आहे, हे अशा सॉफ्टवेअरला माहीत असतं. अनेकदा इतर मशीनचे पासवर्डही त्यातच साठवलेले असतात. त्यामुळे एक पासवर्ड फुटला, की सगळं नेटवर्क धोक्यात येतं.

उपाय नव्हता का?
होता. कंपनीने ऑगस्टच्या मध्यात दुरुस्ती दिली होती. ३० ऑगस्टला ही त्रुटी कशी वापरायची, हे दाखवणारा कोड जाहीर झाला. ‘ट्रेंड मायक्रो’च्या माहितीनुसार त्याच दिवशी हल्ले सुरू झाले.

म्हणजे अपडेट करायला जेमतेम दोन आठवडे मिळाले. ज्यांनी ‘नंतर बघू’ म्हटलं, त्यांचं दार उघडंच राहिलं.