दुसरी प्रत कुठे आहे?

27 जून 2017 रोजी न्हावाशेवा बंदरातलं मर्स्क या जहाजवाहतूक समूहाचं टर्मिनल ठप्प झालं. क्रेन शाबूत होत्या, कामगार हजर होते. पण कोणता कंटेनर कोणाचा आणि तो कुठे जायचा, हे सांगणारे संगणक बंद पडले होते. ‘नॉटपेट्या’ हे घातक सॉफ्टवेअर युक्रेनमधल्या हिशेबाच्या एका प्रणालीच्या अपडेटमधून शिरलं आणि काही तासांत मर्स्कच्या जगभरच्या यंत्रणेत पसरलं.

उद्योगांवरच्या अशा आघातांत मला हेच प्रकरण सर्वांत बोलकं वाटतं. मर्स्ककडे बॅकअप होते. मात्र कोणाला कशात प्रवेश आहे हे ठरवणारे सुमारे दीडशे ‘डोमेन कंट्रोलर’ एकमेकांशी जुळवलेले होते. एक बंद पडला तर दुसरा आहेच, या भरवशावर त्यांची वेगळी प्रत कोणी ठेवली नव्हती. सगळे एकाच वेळी जातील, हा विचारच झाला नव्हता. वाचला तो घानामधला एकच, कारण हल्ल्याआधी तिथली वीज गेली होती. त्यातली माहिती इंटरनेटवरून पाठवणं फार संथ होतं, म्हणून ती माणसाकरवी नायजेरियामार्गे इंग्लंडला पोहोचवली गेली. पुढच्या दहा दिवसांत 4,000 सर्व्हर आणि 45,000 संगणक नव्याने उभे राहिले. कंपनीने सांगितलेला तोटा 25 ते 30 कोटी डॉलरचा होता.

मूळ माहितीला सतत जोडलेली प्रत मूळ माहितीबरोबरच जाते. तीन प्रती, दोन वेगवेगळी साधनं आणि एक प्रत दुसऱ्या गावी, हा जुना नियम म्हणूनच टिकून आहे. आता त्यात एक प्रत जाळ्यापासून पूर्ण तुटलेली हवी, अशी भर पडली आहे. दक्षिण कोरियाच्या सरकारने हा नियम न पाळल्याची किंमत मोजली. 26 सप्टेंबर 2025 रोजी देजॉनमधल्या सरकारी डेटा सेंटरमध्ये बॅटऱ्यांना आग लागली आणि सरकारी कर्मचाऱ्यांच्या ‘जी-ड्राइव्ह’वरची 858 टेराबाइट माहिती जळून गेली. साठा फार मोठा आहे, या कारणाने तिची बाहेर प्रतच नव्हती. संगणकात प्रगत असलेल्या देशात हे घडलं.

प्रत असणं पुरेसं नाही, हे मुंबईने पाहिलं. 24 फेब्रुवारी 2021 रोजी राष्ट्रीय शेअर बाजाराचे व्यवहार दुपारपूर्वीच थांबले आणि पर्यायी केंद्र हाताशी असूनही काम तिकडे हलवलं गेलं नाही. मार्च 2021 मध्ये सेबीने वेळेची मर्यादा घातली: अर्ध्या तासात आपत्ती जाहीर करायची आणि त्यानंतर 45 मिनिटांत पर्यायी केंद्रावर जायचं. 2024 मध्ये 2 मार्च आणि 18 मे या शनिवारी बाजाराने खरे व्यवहार पर्यायी केंद्रावरून करून दाखवले. सराव तो हाच. तो कागदावर होत नाही.

तरीही चोरी झाली तर उत्तम बॅकअपही हतबल असतो. ऑगस्ट 2018 मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून सुमारे 94 कोटी रुपये गेले, तेव्हा चोरांनी बँकेची मूळ प्रणाली बाजूला सारून बनावट मंजुऱ्या दिल्या. त्यातली मोठी रक्कम बनावट कार्डांनी 28 देशांतल्या एटीएममधून काढली गेली. इथे लागतात ती कुलपं वेगळी: कोणाच्या हाती कोणता पासवर्ड, नोकरी सोडलेल्याचा प्रवेश बंद झाला का, आणि बॅकअपची डिस्क कूटबद्ध आहे का. अनेक कार्यालयांत सर्व्हरला कडक पहारा असतो आणि तीच माहिती असलेली डिस्क उघड्या खणात पडलेली असते.

लहान संस्थांचं दुखणं याहून वेगळं आहे, कारण त्यांची यंत्रणा दुसऱ्याच्या हाती असते. जुलै 2024 मध्ये सी-एज या पुरवठादारावर हल्ला झाला आणि देशातल्या सुमारे 300 लहान बँकांचे डिजिटल व्यवहार एकदम अडले. बँकांची स्वतःची चूक नसतानाही खातेदार त्यांच्याच दारात उभे राहिले. करार करताना ‘बंद पडलात तर किती तासांत उभे राहाल आणि किती वेळच्या नोंदी जातील?’ हे पुरवठादाराकडून लेखी घेणं संचालक मंडळाचं काम आहे. हल्ला झाल्यास सहा तासांत सायबर सुरक्षेच्या सरकारी यंत्रणेला, सर्ट-इनला, कळवणं 2022 पासून बंधनकारक आहे, हेही मंडळाला ठाऊक हवं.

पाडव्याला नव्या वह्यांची पूजा करणाऱ्या प्रत्येक दुकानदाराला आणि पतसंस्थेच्या प्रत्येक अध्यक्षाला माझी विनंती आहे: येत्या आठवड्यात गेल्या वर्षाचा बॅकअप एका वेगळ्या संगणकावर उघडून पाहा, आणि तो उघडला नाही तर त्याच दिवशी नवा घ्या.