वाघाच्या दोन कुशी

ताडोबा किंवा पेंचच्या जंगलात वाटेच्या दोन्ही अंगांना, साधारण गुडघ्याच्या उंचीवर, झाडांना बांधलेल्या पेट्या दिसतात. हे कॅमेरा ट्रॅप. आतल्या सेन्सरला वाघ-सांबर काही कळत नाही. समोरच्या उष्णतेत अचानक फरक पडला, की तो कॅमेरा सुरू करतो. म्हणून उन्हानं तापलेलं गवत वाऱ्यावर डोललं तरी फोटो निघतो, आणि तपासणाऱ्याला गवतच गवत बघत बसावं लागतं. उलट विदर्भातल्या मे महिन्यात हवाच जनावराच्या अंगाइतकी तापते. तेव्हा समोरून गेलेलं जनावरही सुटू शकतं.

कॅमेरे जोडीनं लावायचे, कारण वाघाच्या दोन कुशींवरचे पट्टे सारखे नसतात. एका वेळी एकच बाजू मिळाली, तर एका वाघाचे दोन मोजले जाण्याची भीती. २०१८च्या देशव्यापी व्याघ्रगणनेत २६,८३८ ठिकाणी कॅमेरे होते, सुमारे ३.४८ कोटी फोटोंपैकी वाघाचे निघाले ७६,६५१.

बाकीच्यांत इतर वन्यप्राणी असतात, तशी गुरंही असतात. मोहफुलं वेचायला गेलेली माणसंही टिपली जातात. त्यांच्या फोटोंचं काय करायचं, हा प्रश्न मला पट्ट्यांइतकाच महत्त्वाचा वाटतो.