विहिरीचा खर्च आणि भूमीखालचा खडक

विहिरीस दिलेली रक्कम एका तालुक्यांत फळास येते, आणि दुसऱ्या तालुक्यांत तेवढ्याच खोलीची विहीर कोरडी राहते, हें कसें, असा प्रश्न आमच्या आश्रयदात्या व्यापारी व जमीनदार मंडळींकडून वरचेवर येतो. प्रश्न रास्त आहे. ज्यांचा पैसा त्यांस त्याचा हिशेब समजलाच पाहिजे, व हा हिशेब समजण्यास खडकाची थोडी ओळख लागते.

महाराष्ट्राच्या सुमारें चारपंचमांश भूमीखालीं बेसाल्ट, म्हणजे आपला नेहमींचा काळा पाषाण आहे. नांदेड जिल्ह्यांतील देगलूर-बिलोलीच्या बाजूस, आणि पूर्वेस भंडारा, गोंदिया, चंद्रपूर जिल्ह्यांच्या कांहीं भागांत ग्रॅनाइट व त्याच्या जातीचे खडक आहेत. दोन्ही खडक तप्त शिलारस थिजूनच झाले. मात्र एक उघड्यावर थिजला व दुसरा भूगर्भांत, आणि पाण्याचा सारा फरक येथूनच पडतो.

सुमारें ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वीं भूपृष्ठास भेगा पडून शिलारस बाहेर आला व थरावर थर पसरला. तो लवकर निवाल्यामुळें बेसाल्टचे कण नुसत्या डोळ्यांस दिसत नाहींत. सह्याद्रीच्या अंगावरील पायऱ्या त्या ह्याच थरांच्या. बहुतेक थरांच्या माथ्याशीं वायूच्या बुडबुड्यांनीं भोंकें पडलेला मांजऱ्या दगड असतो, पोटांत घट्ट कातळ, आणि दोन थरांमध्यें पुष्कळ ठिकाणीं तांबड्या मातीचा पट्टा. मांजऱ्याचीं भोंकें पाहून कोणीं भुलूं नये. तीं बहुधा एकमेकांस मिळालेलीं नसतात व अनेकदां पांढऱ्या खनिजानें बुजलेलीं असतात. पाणी राहतें तें कुजून मऊ झालेल्या दगडांत, कातळाच्या चिरांत व थरांच्या सांध्यांत. म्हणून कातळ लागतांच हात टेकणें बरें नव्हे. सांधा जवळ असल्यास आणखी कांहीं हात खणून झरा लागण्याचा संभव असतो. हा सांधा जवळच्या ओढ्याच्या दरडींत किंवा टेकडीच्या उतारावर कधीं कधीं उघडाच दिसतो. तो पाहण्याचे श्रम वांचवून पाणाड्यावर सर्वस्वीं विसंबणें ही आमच्या मतें काटकसर नव्हे.

ग्रॅनाइटची गोष्ट निराळी. तो जमिनीखालीं फार खोल, लक्षावधि वर्षें सावकाश निवाला. म्हणून त्यांतील गारेचे, फेल्स्पारचे व अभ्रकाचे कण वेगवेगळे ओळखतां येतात. वरचे खडक झिजून गेल्यावर तो उघडा पडला. त्यांत थर नाहींत, त्यामुळें खालीं दुसरा सांधा लागेल ही आशाहि नाहीं. पाणी वरच्या मुरुमांत व त्याच्या लगतच्या भेगांत सांठतें, आणि खोल जावें तों भेगा मिटत जातात. १९७२ च्या दुष्काळापासून कूपनलिकांचा प्रसार झाला, तरी जितकें खोल तितकें पाणी हा समज येथें बहुधा खोटा ठरतो. येथें विहीर उथळ व रुंद असावी, आणि तिच्या वरच्या अंगास तलाव असावा. भंडारा-गोंदियाकडे कोहळी लोकांनीं पूर्वीं तलाव बांधले. तिकडे पाऊस अधिक, हें खरें. परंतु खडक पाणी पोटांत थोडेंच ठेवितो, हेंहि तितकेंच खरें.

सबब दात्यांस विनंति कीं, विहिरीची देणगी देतांना जागेची व खोलीची अट घालूं नये. तें पाहणीवर सोडावें. ग्रॅनाइटच्या तालुक्यांसाठीं दिलेली रक्कम जुन्या तलावांचा गाळ काढण्याकडेहि लावण्याची मोकळीक असावी. ज्यांनीं पूर्वीं अटी घातल्या आहेत त्यांनीं त्या सैल केल्याचें पत्र लवकर पाठवावें, म्हणजे उन्हाळा लागण्यापूर्वीं कामें सुरू करतां येतील.